ओटीच्या खणातले तांदूळ : धान्यातल्या पाकोळ्यांचं एक प्रकरण

आषाढी एकादशी होऊन चार दिवस झाले होते. लेकीला शिरा हवा होता म्हणून रव्याचा डबा काढला. चमचा घालून वर उचलला तर रवा सुटा येईना. चमच्याच्या टोकाला त्याची माळच लोंबायला लागली. खिडकीशी नेऊन पाहिलं तेव्हा दाण्याला दाणा गुंफणारा धागा दिसला, कोळ्याच्या जाळ्याहूनही बारीक. त्या माळेच्या मधोमध तपकिरी डोक्याची मळकट पांढरी अळी अंग आखडून आत शिरत होती.

त्याआधी दोन-तीन आठवडे संध्याकाळी स्वयंपाकघरात पाकोळ्या उडत होत्या. पावसाळ्यात दिव्यावर किडे येतातच, म्हणून मी त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. खरं तर पाकोळी दिसते तेव्हा तिचं खाणं उरकलेलं असतं. खाते ती अळी. उडणारी पाकोळी काही खात नाही. आठवडाभर, फार तर थोडं जास्त जगते, अंडी घालते आणि मरते. म्हणजे हवेत एक दिसली, की महिनाभर कुठेतरी एक अळी पोसली गेलेली असते. पुढची सगळी खटपट ते "कुठेतरी" शोधण्याची होती.

आमचं घर पुण्यात सिंहगड रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर. माणसं चार: आम्ही दोघं, सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक. लेकीला बालदमा आहे. पावसाळ्यात तिचा पंप दप्तरात असतोच, त्यामुळे घरात फवारा मारायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं. तरी एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून विचारलं. कपाटांच्या आतून फवारणी करू, दोन दिवस ओटा वापरू नका, म्हणाला. डब्यांचं काय, असं विचारल्यावर "झाकणं घट्ट लावून ठेवा" एवढंच उत्तर मिळालं. अळ्या डब्यात, फवारा डब्याबाहेर. तो नाद तिथेच सोडला.

शेजारच्या काकूंनी गावाकडे कोठीत टाकतात त्या धुरीच्या गोळ्यांचं नाव काढलं. त्याबद्दल इथे स्पष्ट लिहायलाच हवं. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, आणि त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. बंद गोदामात, जाणकारांच्या देखरेखीखाली वापरायची ती वस्तू आहे. माणसं झोपतात त्या घरात तिची एक गोळीसुद्धा आणू नये. पाऱ्याच्या म्हणून धान्यात टाकायला मिळतात त्या गोळ्याही मी कधी आणल्या नाहीत. जे पोटात जाणार आहे त्यात पारा कशाला?

पहिला रविवार

जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली आणि कपाटातलं सगळं खाली काढलं. डबे, बरण्या, पुड्या, फडताळाच्या कोपऱ्यात विसरलेली राजगिऱ्याची पिशवी, सगळं. एकेक डबा ताटात उपडा करून पाहिला. रवा, थालीपिठाची भाजणी, शेंगदाणे आणि ज्वारीचं पीठ यांना जाळी लागली होती. इडलीच्या तांदळात वरच्या थरात दोन-चार गाठोळ्या होत्या. अख्खे गहू स्वच्छ होते. डाळीही. डाळी-कडधान्यांचा शत्रू वेगळा, तो भुंगा. तांदळातला काळा सोंडकिडा त्याहून वेगळा. त्यांना जाळी नसते. जाळी दिसली की अळी पाकोळीचीच, एवढी खूण पक्की धरावी. या अळीला फुटलेला, दळलेला, भरडलेला दाणा फार मानवतो, म्हणून अख्खा गहू वाचतो आणि रवा पहिला जातो.

नंतर झाकणं पाहिली. स्टीलच्या डब्याच्या झाकणाची कड आत वळवलेली असते, त्या वळणात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे कोष चिकटले होते. साखरेच्या डब्यालाही दोन होते, साखरेत मात्र काही नव्हतं. बहुतेक अळ्या धान्यातच कोष करतात, पण काही पोट भरल्यावर आडोसा शोधत बाहेर निघतात. त्यामुळे ज्या डब्यात खायला काही नाही त्याचंही झाकण पाहावं लागतं.

सासूबाई शेजारी पाटावर बसल्या होत्या. मी भाजणीचा डबा पिशवीत रिकामा करायला लागले तसा त्यांनी हात धरला.

"अगं, चाळून घेऊ. दोन किलोची भाजणी आहे, मी स्वतः भाजलेली."

"आई, चाळून अळ्या निघतील. त्यांची विष्ठा, कात, धागे पिठातच राहतात. पोरीच्या श्वासाचं कसं करायचं?"

त्या बऱ्याच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "टाक. पण झाडाच्या मुळाशी टाक, कचऱ्यात नको."

अन्न टाकताना त्यांचा जीव तुटतो, आणि तो तुटावा असंच मला वाटतं. म्हणून सरसकट टाकलं नाही. जाळी लागलेलं ते सगळं गेलं. स्वच्छ दिसणारं, पण त्याच फळीवर असलेलं सगळं राखलं आणि फ्रीजरमध्ये ठेवून मगच वापरायचं ठरवलं. टाकायचं होतं तेही पिशव्यांना गाठी मारून आधी फ्रीजरमध्ये ठेवलं. तसंच कचऱ्याच्या बादलीत टाकलं असतं तर अळ्या पिशवी कुरतडून त्याच रात्री पुन्हा कपाटात आल्या असत्या. नंतर ते सोसायटीच्या खतखड्ड्यात गेलं.

थंडी, ऊन आणि साबणाचं पाणी

मे महिना असता तर गच्चीवर चादर अंथरून सासूबाईंनी सगळं उन्हाला लावलं असतं. आपल्याकडे वर्षाचं धान्य एप्रिल-मेमध्ये वाळवून भरतात ते उगाच नाही. पातळ पसरलेलं धान्य कडक उन्हात पन्नास अंशांच्या वर तापलं आणि तासभर तसं राहिलं, तर अंडीसुद्धा तग धरत नाहीत. शिवाय दाण्यातला ओलावा उतरतो. आषाढात हे शक्य नव्हतं. उलट दमट हवा आणि अठ्ठावीस-तीस अंशांची ऊब म्हणजे या किड्याचा हंगामच.

उरली थंडी. घरच्या फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांना चार दिवस पुरतात. मी आठवडाभर ठेवलं, कारण थंडी पाकिटाच्या गाभ्यापर्यंत जायलाच वेळ लागतो. आमच्या फ्रीजरमध्ये तापमापी ठेवून पाहिला तर तो उणे बाराच्या आसपास रेंगाळत होता. बटण फिरवलं, बर्फ खरवडून काढला, मग कुठे उणे अठरा दिसले. ज्यांना "फ्रीजमध्ये ठेवूनही किडे झाले" असा अनुभव आहे, त्यांनी आधी हे तपासावं. खालच्या कप्प्यातल्या साध्या गारव्यात अळी मरत नाही, नुसती थांबते. अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं केली, हवा दाबून काढली. बाहेर काढल्यावर पाकीट लगेच उघडायचं नाही, त्याचा गारवा पूर्ण जाऊ द्यायचा. घाई केली तर दव पिठावर बसतं आणि अळ्यांऐवजी बुरशी येते. एका वेळी तीन किलोच मावायचं, त्यामुळे सगळ्या पाळ्या संपायला महिना गेला. तोवर बाकीचं सामान गाठी मारलेल्या जाड पिशव्यांत, मोठ्या पातेल्यांत, ताटावर वजन ठेवून.

कपाट धुण्यात विशेष काही नाही. फळ्यांवरचा जुना कागद आणि मेणकापड काढून टाकलं. व्हॅक्यूमच्या बारीक तोंडाने सांधे ओढून घेतले आणि पिशवी त्याच दिवशी घराबाहेर नेली. मग साबणाचं गरम पाणी, जुना टूथब्रश आणि कोरडं फडकं. व्हिनेगर लावा असं बरेच जण सांगतात. लावलं तरी हरकत नाही, पण अंडी जातात ती घासण्याने आणि गरम पाण्याने. दळणाची कापडी पिशवी दाराच्या मागे खुंटीला होती. तिच्या शिवणीत पीठ बसून त्यावर जाळी धरली होती. तीही उकळत्या पाण्यात घातली.

तमालपत्राबद्दलही सांगते, कारण त्यावर लोकांचा फार विश्वास असतो. आमच्या रव्यात तमालपत्र होतंच, मीच घातलेलं. अळीने ते धाग्यांनी रव्याला शिवून टाकलं होतं आणि त्याच्या आडोशाला कोष केला होता. वासाने एखादी पाकोळी दूर राहत असेलही, पण आत असलेली अळी मरत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला अख्ख्या धान्यात थोडीफार मदत करतो. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळणं मला मनापासून पटतं, पण ते भुंग्यासाठी. रव्याला काय चोळणार?

सापळा आणि दादा

पहिल्याच आठवड्यात ह्यांनी ऑनलाइन चिकट सापळे मागवले. त्रिकोणी पुठ्ठा, आत डिंक आणि मधोमध गंधाची इवलीशी वडी. एक ओट्यावर टांगला, एक कपाटात. पंधरा दिवसांत त्यांत दोन डास आणि एक चिलट एवढंच सापडलं. ह्यांनी निष्कर्ष काढला, की पाकोळ्या संपल्या.

माझी वही मात्र वेगळं सांगत होती. लेकीची जुनी शंभरपानी घेऊन मी रोज रात्री नऊला दोन्ही खोल्यांच्या भिंती पाहत होते आणि किती पाकोळ्या मारल्या ते लिहीत होते. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरात २६, आतल्या खोलीत ४. दुसऱ्या आठवड्यात ११ आणि ५. तिसऱ्यात स्वयंपाकघरात फक्त ३, आतल्या खोलीत ९.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दादा मला माहेरी न्यायला आला. तो बारामतीकडे ऊस करतो. चहा पिता पिता भिंतीवरची पाकोळी पाहून तो उठला, काचेचा पेला तिच्यावर उपडा ठेवला आणि बॅटरीच्या उजेडात निरखून हसला.

"अगं, ही कोर्सायरा! हिला आम्ही विकत घेतो."

उसातल्या खोडकिडीसाठी दादा शेतात ट्रायकोकार्ड लावतो. पोस्टकार्डासारखा कागद, त्यावर पाकोळीची बारीक अंडी चिकटवलेली, एका कार्डावर वीस हजारांच्या घरात. त्या प्रत्येक अंड्यात ट्रायकोग्रामा नावाच्या, टाचणीच्या डोक्याहून लहान गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. ती माशी शेतात निघते आणि खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालते. कार्डावरची अंडी असतात ती याच कोर्सायराची. प्रयोगशाळेत ट्रेमध्ये ज्वारी किंवा मक्याचा भरडा, त्यात थोडा शेंगदाण्याचा कूट आणि यीस्ट घालून तिला मुद्दाम पोसतात. माझ्या कपाटात भाजणी आणि शेंगदाणे शेजारी-शेजारी होते. तिच्यासाठी जणू ट्रेच मांडून ठेवला होता.

जर्मनीत अशीच ट्रायकोग्रामाची कार्डं घरगुती पाकोळ्यांसाठी टपालाने मिळतात; लोक ती कपाटात ठेवतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी बदलतात. आपल्याकडे हे शेतापुरतंच राहिलं आहे. घरासाठी लहान कार्डं निघाली तर मी पहिली घेईन.

सापळा रिकामा का, याचं उत्तरही त्या पेल्यात होतं. बाजारातला नेहमीचा सापळा असतो प्लोडिया नावाच्या पाकोळीसाठी. तिच्या पंखाचा मुळाकडचा तिसरा हिस्सा फिकट राखाडी आणि पुढचे दोन हिस्से तांबूस, तांब्याच्या भांड्यासारखे. लांबूनही दोन रंग कळतात. इंग्रजीत तिच्या नावात "इंडियन" येतं म्हणून ती आपली वाटते, पण ते नाव पडलं अमेरिकेत. तिकडे मक्याच्या पिठाला "इंडियन मील" म्हणत, आणि १८५६ साली आसा फिच या कीटकशास्त्रज्ञाने तिला त्यावर पाहून ते नाव दिलं. सापळ्यातली वडी प्लोडियाच्या मादीचा गंध सोडते आणि नर येऊन चिकटतात. आमच्या पेल्यातली पाकोळी अथपासून इतिपर्यंत एकाच मातकट रंगाची होती, पंख अंगालगत छपरासारखे मिटलेले. कोर्सायराचं गंधाचं गणितच वेगळं. तिच्यात नर पंखांतून गंध सोडतो आणि मादीला बोलावतो. प्लोडियाच्या मादीच्या वासाला तिचा नर का येईल? सापळ्याचा काही दोष नव्हता. आम्ही पाकोळी न ओळखता तो आणला होता.

आतली खोली

आता आकडे समोर होते. स्वयंपाकघर उतरतं, आतली खोली चढती. दुसरं मूळ तिथेच असणार.

सासूबाईंनी तोवर आपल्या परीने इलाज केला होता. कपाटाशी पाकोळ्या दिसल्या म्हणून कपड्यांना कसर लागली असं समजून त्यांनी साड्यांत डांबराच्या गोळ्या घातल्या होत्या. फवाऱ्याला नाही म्हणणाऱ्या घरात, लेक झोपते त्या खोलीत तो वास भरून राहिला होता. मला तो रोज येत होता, पण तो पावसाळ्यातला नेहमीचाच समजून मी विचारलं नाही. आधी त्या गोळ्या बाहेर काढल्या, मग कपाट.

गौरींच्या साड्यांच्या कप्प्यात, अगदी मागे, कापडी पिशवी होती. आत खण. मागच्या वर्षभरातल्या ओट्यांचे. माझ्या, सासूबाईंच्या, एक चुलत नणंदेच्या डोहाळजेवणातला. सात-आठ खण, त्यांतले तीन गाठ मारलेले तसेच. घरी आल्यावर नारळ काढून घेतलेला, तांदूळ मात्र खणातच राहिलेले. एक गाठ सोडायला गेले तर ती सुटेना. कापड आतून धाग्यांनी शिवल्यासारखं झालं होतं. जरा जोर लावल्यावर हिरव्या खणातून ओंजळभर तांदळाचं एक ढेकूळ निघालं, राखाडी, नमदा केल्यासारखं. हळकुंड, सुपारी, खारीक सगळं त्यात रुतलेलं. ढेकूळ हातावर ठेवलं तसं ते आतून हललं.

सासूबाई कॉटवर बसल्या. "माझ्याच हातचं गं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, यातला एक खण माझाही आहे." तो होताच, जांभळा.

ती पिशवी त्याच क्षणी दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारली आणि फ्रीजरमध्ये ठेवली. आठवड्याने तांदूळ खड्ड्यात गेले, खण गरम पाण्यात धुऊन इस्त्री केले. ही अळी कापड खात नाही. खणाला पडलेली दोन भोकं तिने बाहेर पडायला वाट केली तेवढीच. देवघरातला अक्षतांचा डबा, पूजेचं तबक, दिवाणाचे कप्पे, लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेल्या बियांची पुडी, हेही त्याच दिवशी पाहिलं. पुडीत एक अळी निघाली. बाकी काही नव्हतं.

मोजत राहणं

इथून पुढे कसोटी होती धीराची. अंडं फुटायला चार ते सात दिवस, अळीचे चार-पाच आठवडे, कोषाचे दहाएक दिवस. म्हणजे शेवटचं मूळ काढल्यावरही, नजरेतून सुटलेल्या एखाद्या अंड्याची पाकोळी व्हायला सहा-सात आठवडे लागू शकतात. तेवढे दिवस वही चालू ठेवायची आणि दिसेल ती पाकोळी मारायची, एवढंच काम.

आतली खोली पुढच्या दोन आठवड्यांत ६, मग २ आणि मग शून्यावर आली. स्वयंपाकघरात मात्र सहाव्या आठवड्यात दोन पाकोळ्या पुन्हा दिसल्या. त्या रात्री मला रडू आलं. सगळे डबे फ्रीजरमधून निघालेले, नवे रबरी कडीचे घट्ट डबे घेतलेले, मग कुठून? दुसऱ्या दिवशी सगळ्या फळ्या उतरवल्या. फळी खाली-वर करता यावी म्हणून कपाटाच्या भिंतीत पेन्सिलच्या जाडीची भोकं असतात. त्या बत्तीस भोकांपैकी पाचांत कोष होते, दोन फुटलेले, तीन भरलेले. केरसुणीच्या काडीने टोकरून काढले. मेणबत्तीचं मेण ओतून जास्तीची भोकं बुजवली, फळीच्या खुंट्यांची तेवढी ठेवली. त्यानंतर नवव्या आठवड्यात, पितृपक्षात, एक पाकोळी दिसली. ती शेवटची. पुढे तीन आठवडे मी रोज तारीख घालून शून्य लिहीत राहिले.

मुळात हे आलं कुठून? रवा सुटा आणला होता, पण सीलबंद पाकिटातूनही अंडी येऊ शकतात, त्यामुळे दुकानाकडे बोट दाखवायला माझ्याकडे आधार नाही. आता रवा, मैदा, पोहे, शेंगदाणे, सुकामेवा घरात आले की आधी आठवडाभर फ्रीजरमध्ये जातात आणि मगच डब्यात. पावसाळ्याचे चार महिने रवा अर्धाच किलो आणते, दळण पंधरा दिवसांचं. जुने स्टीलचे डबे काढले नाहीत. त्यांत साखर, मीठ, चहा ठेवते. नुकती फुटलेली अळी जेमतेम मिलिमीटरभर असते, त्या झाकणांच्या फटीतून सहज आत जाते.

नवरात्रात अष्टमीला सासूबाई आणि मी देवीला गेलो होतो. परतताना एका घरी हळदीकुंकू होतं, दोघींच्या ओट्या भरल्या गेल्या. घरी यायला रात्रीचे दहा वाजले. मी हातपाय धुऊन आले तेव्हा सासूबाई नेसत्या साडीतच ओट्याशी उभ्या होत्या. दोन्ही खण सोडलेले, नारळ एका बाजूला, हळकुंडं आणि सुपाऱ्या वाटीत. तांदूळ ताटात पसरून चष्मा लावून त्या बोटाने एकेक दाणा सरकवत होत्या.

"चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "सकाळच्या भातात घाल."